समुपदेशन मानसशास्त्र : पदव्युत्तर प्रशिक्षण

मानसशास्त्राच्या पदवीधराला अडचणीत सापडलेल्या माणसासोबत व्यावसायिक पद्धतीने काम करता यावे, यासाठी दिले जाणारे एम. ए. किंवा एम. एस्सी. पातळीवरचे शिक्षण. भारतात हा अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा असतो. व्यक्तिमत्त्वाचे व समुपदेशनाचे सिद्धान्त, मनोविकारांची ओळख, मानसशास्त्रीय चाचण्या, संशोधनपद्धती, प्रबंधिका आणि पर्यवेक्षणाखालचे प्रत्यक्ष काम असे त्याचे घटक. यांतला शेवटचा घटक समुपदेशक घडवतो आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी तोकडा पडतो.

या शाखेचा उगम दवाखान्यात नव्हे, नोकरीच्या शोधात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टन येथे तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1909 मध्ये निघाले. पुढे कार्ल रॉजर्स यांनी 1942 च्या ग्रंथातून सल्ला देण्यापेक्षा ऐकून घेण्याला महत्त्व दिले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे प्रशिक्षित माणसांची गरज वाढली आणि 1946 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेत या शाखेचा स्वतंत्र विभाग झाला. भारतातही सुरुवात व्यवसाय मार्गदर्शनानेच झाली. मुंबईत 1941 मध्ये बाटलीबॉय यांचे मार्गदर्शन केंद्र, तर 1947 मध्ये पारशी पंचायतीचे केंद्र सुरू झाले. दहावीच्या निकालानंतर ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’साठी पालकांची जी रांग लागते, तिची मुळे इतकी मागे जातात. समुपदेशकाकडे आजही अनेक जण प्रथम याच निमित्ताने येतात आणि ‘सायन्स की कॉमर्स’ विचारता विचारता घरातले भांडण बाहेर पडते.

क्लिनिकल सायकॉलॉजीशी या शाखेची हद्द अभ्यासात पुसट असली तरी कायद्यात ठळक आहे. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. परिषदेचा कायदा 1992 चा असून नोंदणीसाठीची मुख्य वाट आजवर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल.ची राहिली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्येही क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची व्याख्या आहे. समुपदेशन मानसशास्त्रज्ञाची नाही. परिणामी दोन वर्षे घासून एम. ए. केलेली व्यक्ती आणि शनिवार-रविवारच्या वर्गातून प्रमाणपत्र मिळवलेली व्यक्ती, दोघेही दारावर ‘समुपदेशक’ अशीच पाटी लावतात. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय आयोग कायद्याने क्लिनिकल वगळून इतर मानसशास्त्रज्ञांना आपल्या यादीत घेतले. या कायद्याखाली येणारे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मनाई केली. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या, विशेषतः गावाकडच्या विद्यार्थिनींना हा फटका मोठा आहे. तरीही समोरासमोर बसण्याची विद्या पोस्टाने येत नाही, हेही खरे.

पहिल्या वर्षात सूक्ष्म कौशल्ये येतात. बसण्याची ढब, नजर, थांबणे, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे, भावना ओळखून बोलून दाखवणे, खुला प्रश्न विचारणे अशी ही बोलण्याची लहान लहान अंगे ॲलन आयव्ही यांनी 1960 च्या दशकात सुटी करून शिकवायला घेतली. जेरार्ड ईगन यांचे 1975 मधील पाठ्यपुस्तक भारतीय वर्गांतही परिचित आहे. विद्यार्थी तिघा-तिघांच्या गटात बसतात: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वर्गमित्राने रचून सांगितलेली अडचण सोडवताना सगळे सुरळीत चालते. खरा माणूस समोर आला की पहिल्या पाच मिनिटांत सल्ला तोंडातून निसटतो, कारण मोठ्या कुटुंबात वाढलेल्या कुणालाही तो देण्याची सवय असतेच.

दुसऱ्या वर्षी शाळा, रुग्णालय, स्वयंसेवी संस्था किंवा महाविद्यालयाचे समुपदेशन केंद्र अशा ठिकाणी इंटर्नशिप असते. तिथल्या शिक्षणाचे मुख्य साधन म्हणजे ‘व्हर्बेटिम’. सत्रात झालेले संभाषण विद्यार्थी जसेच्या तसे लिहून काढतो, शेजारी आपल्या मनात त्या क्षणी काय चालले होते तेही नोंदवतो आणि कागद सुपरव्हायझरपुढे ठेवतो. नमुन्यादाखल चार ओळी घ्याव्यात. अकरावीतली मुलगी म्हणते, “ताई, घरी कळलं तर बाबा कॉलेजच बंद करतील.” विद्यार्थिनी उत्तरते, “तू एकदा बाबांशी मोकळेपणाने बोलून बघ ना.” समासात सुपरव्हायझरचा शेरा: बोलायची भीती वाटते असे ती सांगते आहे आणि तुम्ही तिला बोलायलाच पाठवता आहात, भीती कुठे गेली? पुढच्या चर्चेत बहुधा विद्यार्थिनीचे स्वतःचे बाबा निघतात. क्लायंटच्या गोष्टीत आपली गोष्ट कुठे मिसळली हे ओळखायला शिकवणे, हे पर्यवेक्षणाचे सर्वांत अवघड काम. त्यासाठी काही ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः समुपदेशन घेणेही अपेक्षित असते. ब्रिटनमध्ये ते बंधनकारकच आहे.

परदेशांतील मोजमाप इथे लक्षात घेण्याजोगे आहे. अमेरिकेत समुपदेशन मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी डॉक्टरेट लागते. समुपदेशकाच्या मास्टर्सला मान्यता देणाऱ्या तिथल्या परिषदेची अट मात्र 100 तासांचे प्रात्यक्षिक आणि त्यापुढे 600 तासांची इंटर्नशिप अशी आहे, त्यात 240 तास थेट क्लायंटबरोबरचे. ब्रिटिश मानसशास्त्रीय संघटनेच्या मान्यतेच्या डॉक्टरेटमध्ये पर्यवेक्षणाखालचे 450 तास भरावे लागतात. भारतात या शाखेसाठी असा सर्वांना लागू पडणारा आकडा रुळलेला नाही. तास विद्यापीठागणिक बदलतात आणि एका प्राध्यापकामागे विद्यार्थी जितके जास्त, तितके व्हर्बेटिम वरवर तपासले जातात.

नीतीचा भाग पूर्वी एखाद्या तासात उरकला जाई. आता तो प्रश्नोत्तरांनी रंगतो, कारण मध्ये कायदे आले आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते. पण अल्पवयीन मुलाने लैंगिक अत्याचार सांगितला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणे भाग असते. न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा. म्हणून पहिल्याच भेटीत ‘तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील’ असे सरसकट वचन द्यायचे नाही, तर कोणती गोष्ट आपल्यापाशी राहणार नाही तेही आधी सांगायचे, हे विद्यार्थ्याकडून घोकून घेतले जाते. चौदा वर्षांच्या मुलाला समजेल आणि तो घाबरून गप्पही होणार नाही, अशा मराठीत हे सांगणे परीक्षेच्या पेपरात येत नाही. व्याख्याने, पुस्तके आणि अहवाल बहुतांशी इंग्रजीत, सत्र मात्र मराठी, हिंदी किंवा अहिराणीत. तक्रारही ‘डोकं जड होतं’, ‘जेवण जात नाही’ अशी शरीराच्या वाटेने येते.

महाराष्ट्रात विद्यापीठांच्या बाहेरही प्रशिक्षणाची एक परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि इथल्या समुपदेशकांना शिकवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने तीच विचारसरणी मराठी व्याख्याने, पुस्तके व कार्यशाळांतून घराघरांत नेली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन हेल्पलाइन 2012 पासून चालते. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही. सूक्ष्म कौशल्यांतली निम्मी हत्यारे तिथे खाली ठेवावी लागतात आणि आवाजातला कंप व मधली शांतता यांवरच काम भागवावे लागते.

अभ्यासक्रमानंतरची कामे पसरट आहेत: शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, व्यसनमुक्ती केंद्रे, कंपन्यांच्या कर्मचारी सहाय्य योजना, आणि 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेलि-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा. 1984 च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांतही समुपदेशक असतात. शाळांतली पदे पुष्कळदा कंत्राटी असतात आणि एकाच व्यक्तीकडे समुपदेशनासोबत ऑफ तासांना वर्ग सांभाळण्याचे कामही येते. ज्या मुलांना सकाळी शिस्त लावायची, त्यांनीच दुपारी मन मोकळे करावे ही अपेक्षा प्रशिक्षणात शिकवलेल्या भूमिकांच्या मर्यादेशी सरळ टक्कर घेते. ही टक्कर मुख्याध्यापकांना समजावून सांगणे हेही नव्या समुपदेशकाच्या पहिल्या वर्षातले काम ठरते.