जलपरीचे सिलिकोन शेपूट

जलपरीचे सिलिकोन शेपूट हे कमरेपासून पावलांपर्यंत घालावयाचे, माशाच्या शेपटासारखे दिसणारे आवरण आहे. पाण्याखालील कार्यक्रम, चित्रीकरण आणि जलपरीसारखे पोहण्याचा छंद यांसाठी ते वापरले जाते. त्याच्या टोकाशी मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावले एकत्र अडकवणारे एकच रुंद वल्हे असते. कापडी शेपटापेक्षा ते पुष्कळ जड व महाग असते. परंतु ओल्या, मांसल त्वचेचा भास कापडाने साधत नाही. ‘सिलिकॉन’ हे मूलद्रव्य आहे, तर ‘सिलिकोन’ हा त्यापासून बनणारा रबरासारखा बहुवारिक पदार्थ. मराठी लेखनात या दोहोंची वारंवार गल्लत होते.

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियन जलतरणपटू आनेट केलरमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूकपटांतून जलपरीच्या भूमिका केल्या. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वीकी वाची येथील नैसर्गिक झऱ्यात १९४७ साली न्यूटन पेरी यांनी जलपऱ्यांचे कार्यक्रम सुरू केले. तेथील कलाकार पाण्याखाली नळीने हवा घेतात. १९८४ सालच्या ‘स्प्लॅश’ या चित्रपटात डॅरिल हॅना यांनी घातलेल्या शेपटाने हुबेहूबपणाची अपेक्षा वाढवली. पुढे चित्रपटांच्या विशेष रंगभूषेतील सिलिकोन किरकोळ बाजारात मिळू लागले आणि हौशी लोक घरीच शेपूट बनवू लागले.

घडण

प्रथम पायांचा साचेबंद पुतळा करतात. पाय जुळवून त्यांवर जुनी विजार व स्वयंपाकघरातील प्लास्टिकची पातळ फिल्म चढवतात, वरून चिकटपट्टीचे थर देतात आणि ते कवच मागून कापून काढून आत कागद किंवा फोम ठासून भरतात. हे काम एकट्याने होत नाही. मोनोफिन बहुतेक जण तयार विकत घेतात. काही जण पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून कापून घेतात.

खवले मातीत कोरून त्यांचा साचा घेतला जातो. खरी फसगत येथेच होते. शेपटासाठी प्रायः प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकोन वापरतात आणि गंधकाच्या सान्निध्यात ते घट्टच होत नाही. गंधकयुक्त शिल्पमाती, लॅटेक्सचे हातमोजे, कथिल उत्प्रेरकाचे दुसऱ्या जातीचे सिलिकोन यांपैकी कशाचाही स्पर्श झाला, तर पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो आणि सारा माल वाया जातो. म्हणून गंधकविरहित माती व व्हिनाइलचे हातमोजे घेतात आणि प्रत्येक नव्या साच्यावर आधी चमचाभर मिश्रण लावून पाहतात. हा चमचा वाचवण्याचा मोह महागात पडतो.

‘ड्रॅगन स्किन’ या प्रचलित मालिकेतील सिलिकोनचे दोन भाग समप्रमाणात मिसळावे लागतात. तिच्यातील शोअर ए १० कठिणतेच्या मध्यम गतीच्या प्रकारात मिश्रण सुमारे २० मिनिटे हाताळण्याजोगे राहते व सुमारे ५ तासांत घट्ट होते. उष्ण हवेत ही मुदत घटते, त्यामुळे थोडे थोडेच कालवतात. पहिला थर बुडबुडे राहू नयेत म्हणून ब्रशने पातळ देतात. पुढील थरांत ताणले जाणारे जाळीदार कापड बसवतात. त्यावाचून कमरेची कड घालताना-काढताना फाटते.

घट्ट झालेल्या सिलिकोनवर सिलिकोनच चिकटते. साधा तैलरंग किंवा ॲक्रिलिक रंग पापुद्र्यासारखा निघून येतो, म्हणून रंगद्रव्य पातळ केलेल्या सिलिकोनमध्येच मिसळून लावतात. पातळ करण्याच्या द्रावकाची वाफ ज्वालाग्राही व श्वसनास अपायकारक असते. हे काम मोकळ्या हवेत, योग्य श्वसनमुखवटा लावून करावयाचे. जवळ शेगडी नको.

वजन व सुरक्षितता

पूर्ण शेपूट साधारणतः १२ ते २५ किलो भरते. सिलिकोनची घनता पाण्याच्या सुमारे १.०७ पट असल्याने १५ किलोचे सिलिकोन गोड्या पाण्यात जेमतेम १ किलोच्या भाराने खाली ओढते. यामुळे पाण्यात ते हलके वाटते. काठावर चढताना मात्र पूर्ण वजन, शिवाय आत साठलेले पाणी, अंगावर येते; मदतनीस नसेल तर थकलेली व्यक्ती तेथेच अडकते.

याहून मोठा धोका पाय बांधले जाण्याचा आहे. वेगवेगळे पाय मारता येत नाहीत, उथळ पाण्यातही चटकन उभे राहता येत नाही. संपूर्ण शरीराची लाट करून पोहण्याचा सराव आधी शेपटाविना व्हावा लागतो. पाण्यात शिरण्यापूर्वी शेपूट कोणाच्याही मदतीशिवाय, काही क्षणांत उतरवता येते का, हे जमिनीवर आणि मग उथळ पाण्यात तपासतात. दिसणे बिघडेल म्हणून कड अतिघट्ट ठेवणे हा घरगुती रचनेतील गंभीर दोष होय. लहान मुलांसाठी असे जड शेपूट बनवूच नये.

पाण्यात उतरण्याआधी मुद्दाम जलद व खोल श्वास घेतल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि पूर्वसूचनेविना शुद्ध हरपू शकते. कुशल पोहणारेही यात दगावतात. शेपूट घालून एकट्याने कधीही पोहू नये. सोबतीही काठावर बसणारा नव्हे, तर पाण्यात उतरून वर आणू शकणारा हवा. ‘पॅडी’ व ‘एसएसआय’ या पाणबुडी-प्रशिक्षण संस्था जलपरी-पोहण्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालवतात.

निगा

वापरानंतर शेपूट आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुऊन उलटे टांगून वाळवतात. आत ओल राहिल्यास बुरशी धरते. घालताना पाय सरकण्यासाठी साबणाचे पाणी चालते. सिलिकोन तेल मात्र वर्ज्य, कारण ते मुरून शेपूट फुगते. लहान चीर त्याच जातीच्या ताज्या सिलिकोनने सांधता येते.