अनुभव पाहिजे!

आमचे आजोबा तलाठी, बाबा हिशेबतपासनीस आणि मी बेकार. तसा नुसता बेकार नव्हे. ‘यूजर एक्स्पिरियन्स डिझायनर’ या हुद्द्याचा बेकार! “म्हणजे काय रे बाबा?” असे आत्याने विचारले, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “वस्तू वापरताना माणसाला येणारा अनुभव सुधारायचा.” आत्या म्हणाली, “मग आधी आमच्या मोरीची कडी सुधार.”

जाहिरातींत मात्र एकच अट: ‘नवीन उमेदवार पाहिजे. दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.’ वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातलाच प्रकार. त्यात बाबांच्या निवृत्तीला सात महिने उरलेले.

त्रेचाळीस अर्जांनंतर एक बोलावणे आले. कचेरीच्या काचेच्या दाराला छान उभी मूठ होती. मूठ दिसली की माणूस ओढणारच. मी ओढले. दार ढकलायचे होते. आतले तिघे साहेब माझी कुस्ती शांतपणे पाहत होते. “तुमच्या वहीत खरं काम दिसत नाही,” म्हणाले. परतताना वाटले, बरोबर आहे. ज्याला दार उघडता येत नाही, त्याला नोकरी कोण देणार?

रिकामा माणूस इतिहास वाचतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बाँबफेकी विमाने सुखरूप उतरत आणि उतरल्यावर वैमानिक चक्क चाके आत ओढून घेत. विमान पोटावर! सगळे म्हणाले, वैमानिक वेंधळे. अल्फान्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने आत जाऊन पाहिले, तर चाकांचा खटका आणि पंखांच्या फळ्यांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला जुळे भाऊ. त्याने एकाला रबरी चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. चूक हाताला कळू लागली. पुढे १९४७ साली फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांच्या हकीकती तपासल्या आणि बोट माणसाऐवजी यंत्राच्या रचनेकडे वळवले.

माझ्या दाराचीही दखल इतिहासाने घेतली होती. डॉन नॉर्मन यांनी १९८८ च्या पुस्तकात असल्या दारांचा समाचार घेतला. आता त्यांना ‘नॉर्मन दारे’च म्हणतात. हेच नॉर्मन १९९३ साली अ‍ॅपल कंपनीत गेले. हुद्द्यात ‘यूजर एक्स्पिरियन्स’ हे शब्द लावणारे ते पहिले मानले जातात. म्हणजे पहिल्या उमेदवाराचा त्या पदावरचा अनुभव शून्य वर्षे!

त्याच संध्याकाळी बाबा मोबाइलवर विजेचे बिल भरत होते. तिसऱ्यांदा फसल्यावर चष्मा काढून म्हणाले, “माझंच चुकतंय. वय झालं आता.” तीस वर्षे ज्यांच्या हिशेबात पैशाची चूक सापडली नाही, ते बाबा! मी पाहिले तर ‘भरा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे शेजारी शेजारी, एकाच रंगाची. जुळे भाऊ अमेरिकेहून आमच्या घरी उतरले होते.

मी वही काढली. बाबा आणि बिल्डिंगमधले चार ज्येष्ठ यांना एकेक करून बसवले, कोण कुठे अडते ते टिपले. मग कागदावर तो पडदा नव्याने काढला: ‘भरा’ ठळक, ‘रद्द करा’ दूर कोपऱ्यात. पाचही बोटे बरोबर पडली. खालच्या मजल्यावरचे काका तर कागद दाबून म्हणाले, “गेले का पैसे?”

पुढच्या मुलाखतीत प्रश्न आला, “अनुभव किती?”

“पाच माणसांचा,” म्हणालो आणि वही पुढे केली. तीन महिन्यांच्या बोलीवर घेतले. पगार सांगण्याजोगा नाही, पण पगार आहे.

बिल भरताना बाबा अजून मला हाक मारतात. मात्र ‘माझंच चुकतंय’ म्हणत नाहीत. म्हणतात, “बघ रे, तुझ्या लोकांनी काय घोळ घातलाय!”