हाडांचा व्यापार त्यांचा, विटाळ मात्र आमचा

“ढोरं ओढणं सोडून तुम्ही आपलंच नुकसान करून घेतलं,” असं आजही आपल्याला ऐकवलं जातं. तर मग हिशेबच मांडू.

1842 मध्ये इंग्लंडच्या लॉज यांनी सुपरफॉस्फेट खताचं पेटंट घेतलं. हाडांवर आणि फॉस्फेटच्या खडकावर आम्ल टाकून हे खत बनत होतं. युरोपच्या जमिनीला खताची भूक होती. पेरूच्या चिंचा बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, जहाजं भरभरून युरोपात गेली. ती खणायला करारात अडकवलेले चिनी मजूर जुंपले. 1870 च्या दशकात तिथले साठे आटले. पैसा व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी नेला, मजुरांच्या वाट्याला वेठ आली.

भारतातून गेली ती जनावरांची हाडं. भारताच्या शेतीची पाहणी करणाऱ्या डॉ. व्होल्कर यांनी 1893 च्या अहवालात या निर्यातीबद्दल चिंता व्यक्त केली, कारण हाडांबरोबर इथल्या जमिनीचा कसही परदेशी जात होता. पुढे खनिज फॉस्फेट आणि कारखान्यातली खतं आली, तशी हाडखताची सद्दी ओसरली.

आता प्रश्न विचारा. गावात मेलेलं ढोर कुणाच्या माथी मारलं होतं? अमडापूर असो की वऱ्हाडातलं दुसरं कुठलं गाव, ते काम जातीनं ठरलेलं होतं. गावकुसाबाहेर त्याच हाडाचा विटाळ होता, बंदरावर मात्र तो चोख माल होता. हाडं विकून कुठला निर्यातदार अस्पृश्य झाला? म्हणजे विटाळ हाडात नव्हता. तो माणसावर लादला होता, श्रम फुकटात मिळावेत म्हणून.

मेलेल्या ढोरांच्या कातड्या-हाडांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, असा हिशेब ‘केसरी’तून मांडला गेला होता. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. एवढा फायदा असेल तर ढोरं तुम्हीच ओढा, असा त्यांचा रोख होता. ते काम करायला कुणी पुढं आलं नाही, यातच सगळं उत्तर आहे. 2016 मध्ये उनाच्या मारहाणीनंतर गुजरातमधल्या दलितांनी मेलेली ढोरं उचलायला नकार दिला, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला.

व्यापार चढतात, पडतात. ग्वानो संपला, हाडांचा भाव गेला, जात मात्र उरली. म्हणून मित्रांनो, “तुमचा पारंपरिक व्यवसाय” असं कुणी म्हणालं की आधी विचारा: नफा कुणाच्या पेटीत गेला?

जय भीम!