शाखायुक्त बहुवारिके व जेलनिर्मिती

दोन क्रियाशील टोके असलेले रेणू जोडले गेले की सरळ साखळी वाढते. त्यांत तीन किंवा अधिक टोकांचे रेणू मिसळले, की साखळीला फाटे फुटतात आणि फाट्यांना पुन्हा फाटे. कोणता फाटा कुठे फुटेल ते योगायोगावर असते. विक्रिया पुढे सरकत असताना एका टप्प्यावर सगळे पात्र व्यापणारा एकच महारेणू तयार होतो. हे जेल, आणि तो टप्पा म्हणजे जेलबिंदू. त्यानंतर मिश्रण वाहत नाही. विद्रावकात जेल फुगते, पण विरघळत नाही.

जेलबिंदू आधी सांगता येणे रेझिन बनवणाऱ्यांना गरजेचे होते, कारण पात्रातच घट्ट झालेला माल वाया जातो. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरदर्स यांनी १९३६ मध्ये असे धरले, की रेणूंचे सरासरी आकारमान अनंत होते तिथे जेल येते. त्यांच्या हाताखाली काम केलेले पॉल फ्लोरी यांनी १९४१ मध्ये यातली उणीव दाखवली. प्रत्येक घटकाला फ टोके असतील, तर एका टोकाने त्यात शिरल्यावर पुढे जायला (फ−१) वाटा उरतात. त्यांपैकी सरासरी एक जरी जुळलेली असली तरी जाळे अखंड पसरते. म्हणून जुळलेल्या टोकांचे प्रमाण १/(फ−१) होताच जेल येते. तीन टोकांच्या, आपसांत जुळणाऱ्या घटकांत हे प्रमाण निम्मे असते, आणि त्या क्षणी दर रेणूमागे सरासरी घटक अवघे चार! बहुसंख्य रेणू चिमुकलेच राहतात. अनंत होते ती वजनानुसार काढलेली सरासरी. वॉल्टर स्टॉकमायर यांनी हे गणित १९४३ पासून पुढे नेले.

ग्लिसरॉलची तीन टोके मात्र आपसांत नव्हे, तर द्विअम्लामार्फत जुळतात. ग्लिसरॉल व द्विअम्ल यांच्या समतुल्य मिश्रणासाठी कॅरदर्स यांचे उत्तर ८३.३ टक्के, फ्लोरींचे ७०.७, प्रयोगात आढळले सुमारे ७६.५. फ्लोरींनी वलये हिशेबात धरली नव्हती. स्वतःच्याच रेणूला जुळलेले टोक जाळे वाढवत नाही. शिवाय ग्लिसरॉलचा मधला हायड्रॉक्सिल गट कडेच्या गटांपेक्षा मंद असतो.

याहून मूलभूत अडचण जागेची आहे. आदर्श झाडासारख्या रेणूचे वस्तुमान त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढते, पण त्रिमितीत जागा तिसऱ्याच घाताने मिळते. पिअर-जिल द जेन व डीट्रिख श्टाउफर यांनी १९७६ मध्ये स्वतंत्रपणे पर्कोलेशनचा, म्हणजे जाळीतले दुवे योगायोगाने जुळत जाण्याचा, सिद्धांत जेलला लावला. त्यात हा घात सुमारे २.५ येतो. लांब साखळ्या मात्र एकमेकींत खूप गुंतलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात दोन सिद्धांतांतला हा फरक जेलबिंदूच्या अगदी जवळच दिसतो. म्हणून लांब साखळ्या जोडून बनलेल्या व्हल्कनीकृत रबराला फ्लोरींचे जुने गणित आजही पुरते.