गिटार, गायनशाळा आणि घाई



आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत पूर्वी पेटी नाहीतर तंबोरा असायचा. आता गिटार दिसते. पण बऱ्याच गिटारी चार महिन्यांत खोळीत जातात आणि पोरगं म्हणतं, "मला नाही जमत." बँकेतून निवृत्त झाल्यावर मीही शिकायला बसलो. क्लासमध्ये जे बघतो त्यावरून सांगतो, हे "नाही जमत" बहुतेक वेळा खोटं असतं.

१८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्ष यांच्याकडून गायनशाळा सुरू करवली. तोवर ही विद्या मुख्यतः घराण्यांत, गुरूच्या मर्जीवर मिळायची. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, पुस्तकं काढली. साध्या घरातल्या मुलालाही पायरीपायरीने शिकता यावं, हा त्यामागचा विचार. सूरसागरावरून जाताना ती इमारत आपण रोज बघतो, पण त्या पायऱ्या मात्र विसरतो.

पहिली पायरी सूर जुळवणं. तंबोरा लावल्याशिवाय कोणी गायला बसत नसे. गिटार मात्र दुकानातून आणली तशीच वाजवतात. नव्या तारा ताणल्या जातात, सारख्या उतरतात. बेसूर वाद्यावर बरोबर बोट ठेवलं तरी चुकल्यासारखंच वाटणार.

दुसरी गोष्ट बोटांची. दोन पडद्यांच्या मधोमध तार दाबली की ती खरखरते. मग पोरं जोर लावतात, बोटं सोलतात. पडद्याच्या पट्टीला लागून, किंचित अलीकडे दाबलं तर थोडा जोर पुरतो. सतारीवरही हेच. अंगठा दांडीच्या मागे हवा. स्पेनचा गिटारवादक फर्नांडो सोर याने १८३० साली पॅरिसमध्ये छापलेल्या पुस्तकात याच अंगठ्याबद्दल लिहिलंय. म्हणजे दुखणं काही नवीन नाही.

तिसरी चूक घाईची. पहिल्याच आठवड्यात सिनेमातलं गाणं हवं! एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बोटं अडखळतात आणि ताल तिथेच थांबतो. आपल्याकडे आधी विलंबित, मग द्रुत. तसंच दोनच कॉर्ड घ्याव्यात, पायाने ठेका धरावा, आणि जेवढ्या लयीत हात अडत नाही तेवढ्याच लयीत वाजवावं.

शेवटी रियाज. रविवारी दोन तास आणि मग सहा दिवस सुट्टी, यात हात बसत नाही. आम्ही ग्राहकांना रिकरिंग डिपॉझिट समजवायचो, थोडं पण नेमाने. रोजची पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

महाराजांनी शाळा काढली ती संगीत फक्त उस्तादांच्या मुलांचं राहू नये म्हणून. त्याच गावात आपली नातवंडं "आपल्यात ते नाहीच" म्हणून वाद्य ठेवून देतात, याचं वाईट वाटतं. तुमच्या घरी अशी गिटार असेल तर आज खोळ काढा. पोराला रागावू नका. आधी तारा जुळवून द्या.