मृगसाल ते मार्चअखेर

फाल्गुन लागला की आपल्या मावळात दोन कामे एकदम दारात येतात. एक मातीचे: परसातल्या वाळल्या वेली काढायच्या, भोपळा, काकडी, दोडक्याची आळी करायची, भाताच्या रोपासाठी राब भाजायचा. दुसरे कागदाचे: घरपट्टी, पाणीपट्टी, बचत गटाचा वर्षाचा हिशोब. मातीचे काम आपण उरकतो. कागद मात्र फडताळात जातो. आळे राहिले तर उन्हाळ्यात भाजी मिळत नाही, ते लगेच कळते. कागद राहिला तर बरेच दिवस काहीच होत नाही, म्हणून तो राहतच जातो.

ही दोन कामे एकाच वेळी कशी आली? मराठेशाहीत हिशोबाला मृगसाल धरत. सूर्य मृग नक्षत्रात गेला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवे साल लागे. शेताचे आणि दप्तराचे वर्ष बरोबरच सुरू होई. इंग्रजी अमलात 1867 पासून सरकारी हिशोबाचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे ठरले, विलायतेतल्या सरकारी वर्षाशी जुळवून. आपल्या जमीन महसुलाचे वर्ष आजही 1 ऑगस्टला सुरू होते. पण ग्रामपंचायतीचा आणि गटाचा हिशोब मार्चअखेरचाच.

लांबवलेला हिशोब काय करतो, हे पाहायला फार लांब जायला नको. सोमाटण्याला लागूनच तळेगाव, सेनापती दाभाड्यांचे. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. धाकटे यशवंतराव सेनापती झाले, पण ते लहान होते. कारभार पाहिला त्यांच्या आईने, उमाबाईंनी. शाहू महाराजांनी ठरवून दिले होते, की गुजरातच्या वसुलाचा अर्धा भाग पेशव्यांमार्फत सरकारी खजिन्यात भरायचा. तो दाभाड्यांकडून भरला गेला नाही, आणि महाराजांनीही सांभाळून घेतले. 1749 च्या डिसेंबरात महाराज वारले. पेशव्यांच्या डोक्यावर कर्ज होते. त्यांनी वसुलाचा वाटा मागितला. 1750 मध्ये उमाबाई आळंदीला नानासाहेब पेशव्यांना स्वतः भेटल्या. हा करार आमच्यावर लादलेला आहे, तो सोडा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. त्यांचे सरदार दमाजी गायकवाड फौज घेऊन आले, पण 1751 मध्ये पेशव्यांच्या कैदेत पडले. दाभाडे आणि गायकवाड घराण्यांतली माणसे लोहगडावर कैदेत गेली. 1753 मध्ये उमाबाई वारल्या.

उमाबाईंचे म्हणणे अगदीच खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. लढाईत हरलेल्याकडून करून घेतलेला तो करार होता. पण तक्रार वेळेवर मांडणे वेगळे आणि हिशोब तसाच ठेवून देणे वेगळे. सांभाळून घेणारा माणूस होता तोवर चालले. तो गेला, आणि अनेक वर्षांची बाकी एकदम दारात आली.

आपल्यालाही हे लागू आहे. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. पण कायदा असा, की पंचायतीच्या कराचे बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत तो भरला नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. निवडून आलेल्या बाईची जागा थकलेल्या घरपट्टीपायी जाऊ शकते. मग विरोधकाला दुसरे कारण शोधावे लागत नाही. बिल चुकीचे वाटले तर लेखी हरकत घ्यावी, तिची पोच घ्यावी, पण गप्प बसू नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सकाळी ऊन चढेपर्यंत परसातले काम करा. दुपारी मातीत हात घालवत नाही, तेव्हा गटातल्या दोघीतिघी मिळून कागद काढा. पावत्या सालाप्रमाणे लावा. घराचा नमुना 8 चा उतारा काढून बघा, त्यावर आपले नाव आहे का. नसेल तर नवऱ्याबरोबर आपलेही नाव लावण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. आळ्यात बी पडेल त्याच आठवड्यात पावतीही हातात येऊ द्या.