भरतीची वेळ आणि बॅटरीचें बळ

१९८१ पर्यंत कुलाबा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यांतील पेण आणि रोहें हीं दोन्ही गांवें समुद्रापासून बरींच आंत आहेत; तरी त्यांचा जुना व्यापार वाढला तो पाण्यावरच. पेणचें मीठ व तांदूळ अंतोऱ्याच्या बंदरांतून धरमतरच्या खाडीनें मुंबईस जाई. रोह्याचा माल कुंडलिकेच्या पाण्यावरून रेवदंड्याकडे उतरे. या वाहतुकीचे धनी दोन: वारा आणि भरती. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते, हें गणित किनाऱ्यावरील तांडेलास पाठ असे. चतुर्थीस तीनच्या सुमारास समुद्र भरावयाचा, खाडीच्या आंतल्या टोकास त्याहून कांहींसा उशिरां. वारा पडला तर वल्हीं मारतां येत. पण भरती चुकली तर मचवा चिखलांत रुते, आणि पुढचें पाणी यावयास सुमारें साडेबारा तास लागत.

वाऱ्याची ताबेदारी इंजिनानें संपविली. नॉर्वेंत जन्मलेल्या ओल इव्हिनरूड या अमेरिकन कारागिरानें १९०९ सालीं होडीच्या पाठीस अडकवावयाचें इंजिन बाजारांत आणलें. असे प्रयत्न त्याच्या आधींही झाले होते. परंतु या इंजिनाचा प्रसार त्यानें केला. आरंभीं तें चाक हातानें फिरवून किंवा दोरीचा हिसका देऊन सुरू करीत. इंजिनें मोठीं होत गेलीं, तसें मनुष्याचें मनगट अपुरें पडूं लागलें.

तोडगा तयारच होता. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिसें व आम्ल यांची, पुनः पुनः भरतां येणारी बॅटरी सिद्ध केली होती. तिच्या बळावर १९१२ सालीं मोटारगाडी कळ दाबून सुरू होऊं लागली, आणि १९३० च्या सुमारास होडीच्या इंजिनांतही ती सोय आली. योगायोग असा कीं, १९२७ सालीं कुंडलिकेच्याच खोऱ्यांत भिरा येथील वीजघर सुरू झालें. तेथील वीज तारांवरून मुंबईस गेली. होडीवर मात्र वीज न्यावयाची ती पेटींत भरूनच.

पुढें सडका आणि आगगाडी यांनीं मालाची वाहतूक उचलली. खाडींत लहान होड्या राहिल्या. त्यांतील एखादीच्या पाठीस जुनें इंजिन असतें. अशा इंजिनास बॅटरी निवडतांना ‘मोठी ती चांगली’ हा समज फसवा ठरतो. स्टार्टरला दोनचार सेकंदच वीज लागते; पण ती एकदम, शंभराहून अधिक अँपिअर लागूं शकते. त्यासाठीं पातळ व पुष्कळ पत्र्यांची बॅटरी हवी. घरांतील इन्व्हर्टरची जाड पत्र्यांची बॅटरी रात्रभर दिवे पुरवील. पण एका क्षणाच्या जोरासाठीं तिची घडण नव्हे. बॅटरीवर छापलेला थंडींतील प्रवाहाचा आंकडा उणें १८ अंशांवर मोजलेला असतो. तो तुलनेपुरता पाहावा आणि इंजिनाच्या पुस्तिकेंत मागितला असेल त्याहून कमी नसावा. कोंकणांत बॅटरीचा शत्रु थंडी नसून उष्णता आहे. म्हणून तिला सावली द्यावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुष्कळ जुन्या इंजिनांत चाकाखालीं वीज उत्पन्न करणारीं वेटोळीं असतात, पण दाब आवरणारा नियंत्रक नसतो. बारा व्होल्टांची बॅटरी साधारण साडेचौदा व्होल्टांपर्यंत भरावी. इंजिन वेगानें चाललें कीं दाब पंधराच्याही वर जातो. बुचें उघडून पाणी घालतां येणारी साधी बॅटरी हा अतिरेक बऱ्याच अंशीं सोसते. तिच्यांतील पाण्याचा वायु होऊन जातो, व शुद्ध पाणी घालून तूट भरतां येते. बंद बॅटरींत ती सोय नाहीं. लिथियमच्या बॅटरीचें संरक्षक मंडल तर अशा वेळीं एकाएकीं संबंध तोडतें, आणि इंजिनाचा रेक्टिफायर जळूं शकतो. म्हणून जुन्या इंजिनास जुन्या घडणीचीच बॅटरी अधिक मानवते.

चूक कळते ती नेमक्या ओहोटीच्या तोंडावर. अंतोऱ्यास इंजिन उठलें नाहीं तर होडी गाळांत बसते. रेवदंड्याच्या मुखाशीं उठलें नाहीं तर पाणी तिला समुद्राकडे ओढतें. यासाठीं बॅटरीचीं टोंकें खाऱ्या गंजापासून राखावीं, तिच्यांतील आम्लाची घनता मोजावी, दिव्यांसाठीं वेगळी बॅटरी ठेवावी, आणि इंजिनास दोरी असेल तर तीही जवळ असूं द्यावी. शिडाच्या काळीं निघण्यापूर्वीं तांडेल तिथि मोजीत असे. आज त्या हिशेबांत बॅटरीची एक बाब वाढली आहे; भरती मात्र आजही कोणासाठीं खोळंबत नाहीं.